दसरा काढा, पण सावडीनं

पितृपंधरवडा लागला की भूमच्या गल्ल्यांमधून एकच प्रश्न फिरतो, "काढला का दसरा?" घटस्थापनेच्या आत झाडून सारी भांडी घासायची, वाकळा-गोधड्या धुवायच्या, जळमटं काढायची, भिंतींवर चुन्याचा हात फिरवायचा आणि मगच घट बसवायचे, ही आपल्याकडची रीत. तुळजापूरची देवी जिल्ह्यातलीच, त्यामुळे नवरात्राचा मान मोठा आणि सफाईही कडक. त्याच दिवसांत माझ्या दवाखान्यातली गर्दी बदलते. कंबर धरून आलेल्या बायका, शिंकून बेजार झालेली पोरं, स्टुलावरून पडून मनगट मोडलेल्या आजी, आणि खुर्चीत न बसता दारातूनच "इंचू चावलाय, सुई टोचा" म्हणणारे गडी.

डॉक्टर म्हणून मला ही रीत मनापासून पटते. वर्षातून एकदा घरातली प्रत्येक वस्तू जागची हलते आणि ऊन खाते, हे काम सरकारी मोहिमेलाही घरोघरी जमलं नसतं. तक्रार एवढीच की बहुतेक घरांत हा सारा उपसा एकाच बाईच्या अंगावर पडतो आणि तोही शेवटच्या चार दिवसांत. सोयाबीन काढणीला आलेलं, उडदाची रास घरात पडलेली, पाव्हण्यांची ये-जा, आणि त्यात हे. शेतात आपण सावड करतो. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. नांगराला इर्जिक घालायची पद्धत आपल्या आजोबांनी पाळली. घराच्या कामाला मात्र ती कुणी लावत नाही. यंदा लावा. तीन-चार घरांनी मिळून पंधरवडा वाटून घ्या. बचत गट तर गल्लोगल्ली आहेत, बैठकीत हप्त्यांच्या हिशोबाबरोबर हाही विषय काढायला काय हरकत आहे?

यात सोयीपेक्षा जास्त काही आहे. अंगदुखीची गोळी मागता मागता बायका हळूच सांगतात, "घराकडं बघितलं की छातीत धडधडतं, पण हात लावावा वाटत नाही." हा आळस नव्हे. २०१० साली लॉस एंजेलिसच्या दोन संशोधकांनी, नवरा-बायको दोघंही कमावते अशा ३० जोडप्यांना आपापलं घर फिरून दाखवायला आणि त्याबद्दल बोलायला सांगितलं. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा आणि अर्धवट राहिलेली कामं वारंवार आली, त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक दिवस मावळताना उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. नवऱ्यांमध्ये हा परिणाम तेवढा दिसला नाही. याचं कारण आपल्याकडच्या कुठल्याही सुनेला विचारा, संशोधन लागणार नाही. पसाऱ्यामुळे ताण आला की ताणामुळे पसारा झाला, हे मात्र अशा अभ्यासातून ठरत नाही. माझा अनुभव असा की दोन्ही एकमेकांना धरून असतात. मन खचलेल्या माणसाच्या घरी आधी भांडी साठतात, मग कपडे, मग पाव्हणे नकोसे होतात. पूर्वी नीटनेटकी राहणारी बाई महिना-दोन महिने असं करत असेल, झोप नसेल, जेवणावर वासना नसेल, तर तिला फडा हातात देण्याआधी दवाखान्यात आणा.

आणि तिला टोमणे मारू नका. "केवढा हा उकिरडा" म्हटल्यानं कुणाचं घर आवरलेलं मी पाहिलेलं नाही. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा उचलायचे, कीर्तन रात्री. दुसऱ्याला उमेद देण्याची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. जाऊबाई, शेजारीण, लेक, कुणीही जावं आणि म्हणावं, "चल, आज नुसतं फडताळ काढू." नुसतं फडताळच. पूर्ण घराचं नाव काढलं की माणूस बसून राहतं. एक कोनाडा, एक पेटी, भांड्यांची एक मांडणी, असं तासाभराचं काम ठरवा. ते संपलं की चहा घ्या आणि बाकीचं उद्यावर टाका. संपलेल्या कामाकडे बघून जी हुशारी येते, ती पुढच्या दिवशी उठवते. मनोविकाराच्या उपचारातही उदास माणसाला अशीच छोटी, पुरी होणारी कामं ठरवून देतात. मदतीला गेलेल्यांनी एक पथ्य पाळायचं: काय ठेवायचं आणि काय टाकायचं, ते घरच्या बाईनं ठरवायचं. आपण फक्त उचलायचं.

आता धुळीकडे येते. कोरड्या फड्यानं जळमटं झाडली की धूळ हवेत उठते आणि सगळ्यांच्या छातीत जाते. ज्यांना दमा आहे त्यांनी त्या खोलीत थांबायचंच नाही, पंप जवळ ठेवायचा आणि रोजचं औषध त्या आठवड्यात मुळीच चुकवायचं नाही. इतरांनी नाकातोंडावर ओला रुमाल किंवा मास्क बांधावा. कोविडच्या वेळचे मास्क पेटीत पडून असतीलच. आधी पाणी शिंपडा किंवा ओल्या फडक्यानं पुसा. वाकळा शक्य असेल तर कडक पाण्यात भिजवा आणि दोन्ही बाजूंनी उन्हात टाका, त्यात राहणारे सूक्ष्म किडे उष्णतेनं आणि कोरडेपणानं मरतात. मात्र भिजलेली पाच लुगड्यांची वाकळ म्हणजे कंबरेची परीक्षाच. वाकून, पीळ देऊन, एकटीनं उचललीत की मणक्यातली गादी सरकायला तेवढं पुरतं. दोघींनी दोन टोकं धरायची, गुडघ्यात वाकायचं, आणि पिळण्याऐवजी दगडावर अथवा दोरीवर टाकून पाणी निथळू द्यायचं. वाळायला अर्धा दिवस जास्त लागेल, लागू द्या.

विंचवाला अडगळ फार आवडते. सरपण, गोवऱ्या, भिंतीकडेला रचलेले दगड, जुने पत्रे, भिंतीतली बळदं, पायताणाचा ढीग. यात हात घालण्याआधी काठीनं हलवा, बूट घाला, आणि अंधार पडल्यावर हे काम करू नका. लाल विंचू चावल्यावर नुसतं दुखत असेल तर तेवढं भिण्यासारखं नाही, पण दरदरून घाम, उलट्या, तोंडाला लाळ, हातपाय गार पडणं, यातलं काही दिसलं तर हृदयावर परिणाम होतोय असं धरा आणि पोराला घेऊन तडक ग्रामीण रुग्णालय गाठा. एकेकाळी यानं कोकणात आणि आपल्याकडे किती लेकरं गेली! जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडला प्रॅक्टिस करताना यामागे लागले, त्यांनी या विंचूदंशात प्राझोसिन हे औषध कसं वाचवतं ते दाखवलं आणि 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. आज ते औषध साधी गोळी आहे, वेळेवर पोचलं पाहिजे एवढंच. साप चावला तर दोरीनं आवळू नका, जखम चिरू नका, चोखू नका, त्या माणसाला चालवू नका; १०८ला फोन करा.

याच अडगळीत डासांची सोय असते. फुटकी मडकी, टायर, नारळाच्या करवंट्या आधी काढा. आपल्याकडे पाणी आठ-आठ दिवसांनी येतं, म्हणून बॅरल आणि रांजण भरून ठेवावेच लागतात, ते मी समजते. पण डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून कोरडीही महिनोन्महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, आठवड्यातून एकदा आतून ब्रशनं घासावं लागतं आणि वर फडकं घट्ट बांधावं लागतं.

सगळ्यात निकडीची गोष्ट मात्र यापुढची आहे. घर आवरताना पहिल्यांदा कुठली वस्तू बाहेर काढायची असं कुणी विचारलं तर मी फवारणीच्या औषधाचा डबा म्हणेन. तो बहुतेक घरांत पलंगाखाली, नाहीतर न्हाणीच्या फळीवर असतो. रागाच्या, निराशेच्या एका क्षणात तो हाताशी असणं आणि रानातल्या खोलीत कुलपात असणं, यात एका जिवाचं अंतर आहे. आपल्या जिल्ह्याला हे नव्यानं सांगायला नको. किल्ली एकाच माणसाकडे ठेवू नका. रिकामे डबे पाण्याला, तेलाला वापरू नका. भोक पाडून, चेपून मगच टाका. तसंच धान्यात टाकायच्या गोळ्या. हवा लागली की त्यांतून फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटतो, लसणीसारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो आणि त्यावर उतारा नाही. झोपायच्या खोलीत गव्हाची पोती आणि त्यात या गोळ्या, असं कधीही नको. न्हाणी-संडास धुताना ब्लीचिंग पावडर आणि अॅसिड एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन सुटतो. "दोन्ही टाकलं तर डबल साफ" हे गणित करून खोकत आलेल्या बायका दर वर्षी भेटतात.

२०२५च्या सप्टेंबरात घटस्थापनेच्याच सुमाराला भूम-परंडा भागातल्या गावांत पुराचं पाणी घरांत शिरलं, माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. तेव्हा ज्यांनी चिखल उपसला त्यांना सावड म्हणजे काय ते मी सांगायला नको. पुन्हा वेळ आली तर लक्षात ठेवा: वीज तपासल्याशिवाय बटण दाबायचं नाही, गमबूट घालूनच उतरायचं, पायाला कापलं तर धनुर्वाताची सुई घ्यायची, कापसाची भिजलेली गादी टाकून द्यायची. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला आणि पोटऱ्या दुखल्या तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घेऊन डॉक्टरला पुराचं सांगा.

घर आवरून झालं की ते सजवण्याची हौस येते, यावी. कळीचा चुना विरघळवताना पाणी अक्षरशः उकळतं, तेव्हा पोरांना लांब ठेवा आणि चष्मा लावा. डोळ्यात शिंतोडा गेला तर घरच्या घरीच लगेच, पापण्या उघड्या धरून, निदान वीस मिनिटं पाण्याची धार सोडा आणि मग या. आधी दवाखाना आणि मग पाणी, असं केल्यानं डोळे जातात. जुना ऑइलपेंट पॉलिशपेपरनं कोरडा घासू नका. १ नोव्हेंबर २०१७पासून घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त असायला बंदी आहे, पण तुमच्या दाराचा रंग त्याआधीचा असेल. ती भुकटी लेकरांच्या मेंदूला आणि गरोदर बाईला घातक. पाणी मारत ओलं घासा, त्यांना चार दिवस दुसरीकडे पाठवा. रंग फिका निवडा. म्हाताऱ्यांच्या खोलीत उजेड वाढतो, आणि उंबरठ्याच्या कडेला पिवळा पट्टा ओढलात तर ठेच कमी लागते. दुकानदाराचा चमचमणारा कॅटलॉग हे सांगत नाही.

खिडकीचंही सांगते. आपल्या जुन्या माळवदाच्या घरांत मुळात खिडक्या लहान, आणि त्यातली एक तरी ट्रंका, पोती, फाटकी दप्तरं रचून बुजवलेली असते. घरात क्षयाचा पेशंट असेल तर पहिल्या दिवशी ती खिडकी मोकळी करा. हवा खेळली की जंतू विरळ होतात. झोपायच्या जागेवरच्या फळीवर जातं-पाटा, पितळी हंडे ठेवू नका. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे, गणेश विसर्जन उरकून झोपलेल्या माणसांवर किल्लारीच्या भागात भूकंपानं घरं कोसळली, त्यातली बरीच दगड-मातीची आणि जड माळवदाची होती. भिंत आपल्याला रातोरात बदलता येत नाही, डोक्यावरचा हंडा खाली ठेवता येतो. आणि तो उतरवायला पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं स्टुलावर चढायचं नाही. घरातल्या तरण्या पोरांनी मोबाइल बाजूला ठेवावा, माळा त्यांचा. बक्षीस म्हणून कुंथलगिरीचा पेढा द्या. साखरेच्या पेशंटांनी वासावर भागवावं.

राहता राहिल्या म्हाताऱ्यांच्या वस्तू. सासूबाई गावाला गेल्या असताना त्यांची ट्रंक बोहारणीला देऊन टाकायची, हा सावडीतला सगळ्यात मोठा अन्याय. नवऱ्याचं धोतर, वारलेल्या लेकराचं टोपडं, कुठल्याशा कागदाची घडी, हे त्यांच्यासमोर उघडा, ऐका, आणि त्या म्हणतील ते परत ठेवा. मात्र एखाद्या माणसाला रिकामी पाकिटं, तुटक्या बाटल्या, रद्दी काहीच टाकवत नसेल, चालायला वाट उरली नसेल आणि टाकायचं म्हटलं की जीव कासावीस होत असेल, तर तो स्वभाव नसून आजार असू शकतो. मानसोपचारातल्या महत्त्वाच्या अमेरिकी वर्गीकरणानं २०१३ साली त्याची वेगळी नोंद केली. विसराळूपणा नव्यानं सुरू झाला असेल तर स्मृतिभ्रंशही तपासावा लागतो. अशा घरात गल्लीनं मिळून सफाई करायला घुसू नका, दुखणं वाढतं. आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, आणि तिथवर न्यायला तो माणूस तयार नसेल तर 'टेलिमानस' या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर घरच्यांनीच फोन करून विचारावं. मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.