अंगणात पुरलेली गॅसची टाकी : हिशेब आणि सुरक्षा



मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत मला हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे : "तुम्ही म्हणे अंगणात प्रोपेनची टाकी पुरलीत. खर्च परवडतो का? आणि भीती नाही वाटत?" रांगेत उभ्याउभ्या याचे उत्तर पुरे होत नाही आणि ताटातले वरण मात्र निवते. म्हणून हा लेख. मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला आहे, गॅसवाला नाही. पदवी इंजिनिअरिंगची असल्यामुळे कागद-पेन्सिल घेऊन बसायची सवय आहे, इतकेच.

हे खूळ डोक्यात का आले

आमचे अर्विंगचे घर संपूर्ण विजेवर चालणारे. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात, सोमवारी १५ तारखेच्या पहाटे वीज गेली. मंगळवारी पहाटे डीएफडब्ल्यू विमानतळावर उणे २ फॅरनहाइट, म्हणजे उणे १९ सेल्सिअसच्या आसपास तापमान नोंदले गेले. घरातला पारा पन्नासच्या खाली उतरला. माझे वडील तेव्हा आमच्याकडेच होते. वय पंचाहत्तरच्या पुढे, मूळचे सातारचे. अंगावर तीन रजया असूनही त्यांचे हात थरथरत होते.

दुपारी ते म्हणाले, "अरे, मागच्या अंगणात ती कोळशाची ग्रिल आहे ना? आत आण. आमच्या लहानपणी थंडीत खोलीत शेगडीच ठेवायचे."

मी जागचा उठलोही होतो. पत्नीने दारातच अडवले. "बाबा, तुमच्या वाड्याच्या खिडक्यांना फटी होत्या. या घराला नाहीत," ती म्हणाली. तिचेच बरोबर होते. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि माणूस त्या झोपेतून उठतच नाही. त्या वादळात टेक्सासमधल्या मृत्यूंचा सरकारी आकडा २४६ आहे. त्यात गारठून गेलेले आहेत तसे घरात किंवा गॅरेजमध्ये कोळसा, जनरेटर, गाडी चालू ठेवून गेलेलेही आहेत. आम्ही त्या आकड्यात नाही, याचे श्रेय माझ्या डिग्रीला नाही.

त्यानंतर मी ठरवले की घराला जनरेटर हवा.

नळाचा गॅस की टाकी?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. अर्विंगमध्ये बहुतेक वस्त्यांत नैसर्गिक वायूची लाइन आहे. तुमच्या घरात ती असेल तर स्थायी जनरेटर त्याच लाइनवर चालतो आणि टाकीच्या भानगडीत पडायचे कारण नाही. मात्र "आमच्याकडे गॅसची फर्नेस आहे, आम्हाला काळजी नाही" असे म्हणू नका. फर्नेसचा पंखा विजेवरच फिरतो. वीज गेली की गॅस असूनही घर थंडच राहते.

आमच्या घराला लाइन नाही. शिवाय आपली काही मंडळी आता शहराबाहेर एकर-दोन एकर जागा घेत आहेत, तिथे बहुधा प्रोपेनच असतो. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी.

प्रोपेन म्हणजे नेमके काय

भारतात आपण वापरतो तो सिलिंडरचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण. ब्यूटेन शून्य सेल्सिअसच्या आसपासच द्रवरूप राहू लागतो, म्हणून अशा थंडीत तो उपयोगाचा नाही. प्रोपेन उणे ४२ सेल्सिअसपर्यंत वायू होत राहतो. टाकीत तो दाबाखाली द्रवरूपात असतो. बाहेर पडला की सुमारे २७० पट पसरतो.

लक्षात ठेवायची सर्वांत महत्त्वाची गोष्ट : नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो, तो वर जातो. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत, खड्ड्यात, कपाटाखाली साचतो. म्हणून गळतीचा अलार्म छताजवळ नव्हे, जमिनीजवळ लावायचा.

गॅसला मुळात वास नसतो, तो मुद्दाम मिसळतात. त्याला एक दुःखद इतिहास आहे. १८ मार्च १९३७ रोजी पूर्व टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत साचलेल्या, वास नसलेल्या वायूचा स्फोट झाला आणि सुमारे तीनशे मुले व शिक्षक गेले. त्यानंतर टेक्सासमध्ये गॅसला वास लावणे कायद्याने सक्तीचे झाले. पण वयाबरोबर नाक मंदावते. घरात आई-वडील असतील तर केवळ नाकावर विसंबू नका, अलार्म लावाच.

जागा आहे का? आधी टेप घ्या

५०० गॅलनची टाकी साधारण १० फूट लांब आणि ३ फूट व्यासाची असते. द्रव पसरायला जागा हवी म्हणून ती ८० टक्केच भरतात, म्हणजे ४०० गॅलन. एक गॅलन प्रोपेन ४.२ पौंडांचा, म्हणजे एकूण १,६८० पौंड. आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरच्या भाषेत सुमारे ५४ सिलिंडर!

नियमाप्रमाणे पुरलेली टाकी घरापासून १० फूट आणि जागेच्या हद्दीपासून १० फूट हवी. म्हणजे घर आणि कुंपण यांच्यामध्ये १० + ३ + १० = २३ फुटांची मोकळी पट्टी लागते. अर्विंगमधल्या नव्या वस्त्यांत मागचे अंगण कित्येकदा पंधरा-वीस फुटांचेच असते. तिथे विषय इथेच संपतो. आमचे घर जुने आणि कोपऱ्यावरचे, म्हणून जमले.

टेक्सासमध्ये प्रोपेनचा कारभार रेलरोड कमिशनकडे आहे. नावावर जाऊ नका, रेल्वेशी त्याचा आता संबंध उरलेला नाही. टाकी बसवणाऱ्याकडे या कमिशनचा परवाना हवा. शिवाय सिटी हॉलमध्ये परमिटची चौकशी करा आणि एचओए असेल तर तिचे नियम वाचा. २०१५ च्या राज्य कायद्यानुसार एचओए स्थायी जनरेटरला सरसकट मनाई करू शकत नाही, पण जागा आणि आडोसा याबाबत अटी घालू शकते.

खड्ड्यातली गंमत

आमच्याकडे आलेला पहिला ठेकेदार (नाव सांगत नाही) कुंपणापासून सहा फुटांवर खणायला निघाला होता. "उकरलेली मातीच परत लोटू," असेही म्हणाला. मी त्याला नमस्कार करून परत पाठवले. कारणे पुढीलप्रमाणे.

एक, खणण्याआधी किमान दोन कामाचे दिवस ८११ या नंबरवर कळवायचे असते. जमिनीखालच्या वाहिन्यांच्या खुणा करून देतात, पैसे पडत नाहीत.

दोन, डॅलस परिसराची माती आपल्या देशावरच्या काळ्या कापसाच्या मातीसारखीच आहे. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. ती टाकीला आणि नळ्यांना ढकलते. म्हणून खाली आणि भोवती दगड नसलेली स्वच्छ वाळू घालावी.

तीन, टाकी तरंगते! ५०० गॅलन पाण्याचे वजन ४,१७० पौंड. टाकीचे लोखंड सुमारे हजार पौंड आणि भरलेला प्रोपेन १,६८० पौंड, बेरीज २,६८० च्या आसपास. म्हणजे खड्ड्यात पाणी भरले तर भरलेली टाकीसुद्धा वर यायला बघते. पाणी साचणाऱ्या जागी ती तळाशी जखडावी लागते.

चार, लोखंड गंजते. टाकीवर रंगाचा थर असतोच, शिवाय मॅग्नेशियमचा एक गट्टू तारेने जोडून पुरतात. टाकीऐवजी तो झिजतो. त्याची चाचणी व्होल्टमीटरवर होते, रीडिंग उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक ऋण हवे. बसवल्यावर एकदा, मग १२ ते १८ महिन्यांत आणि पुढे दर तीन वर्षांनी ही चाचणी करून घ्या व कागद जपून ठेवा.

पाच, नैसर्गिक वायूची शेगडी तशीच प्रोपेनला जोडू नका. दाब वेगळा, बर्नरचे छिद्र वेगळे. बदल न करता पेटवली तर ज्वाळा भलतीच मोठी होते.

पैशाचा हिशेब

एक गॅलन प्रोपेनमध्ये ९१,५०० बीटीयू, म्हणजे सुमारे २६.८ युनिट विजेइतकी उष्णता असते. समजा गॅलनचा भाव ३ डॉलर आणि वीज युनिटला १४ सेंट. चांगल्या फर्नेसमध्ये (९५ टक्के) गॅलनमागे २५.५ युनिट उष्णता मिळाली. तेवढीच साध्या विजेच्या हीटरने घ्यायची तर ३.५७ डॉलर पडतील. पण हीट पंप एका युनिटात अडीच युनिटांची उष्णता देतो, त्याला लागतील फक्त १.४३ डॉलर. तुमच्या बिलांवरचे भाव घालून हे गणित स्वतः करा. निष्कर्ष असा की ज्यांच्याकडे हीट पंप आहे त्यांनी बचतीसाठी टाकी घेऊ नये. ही गुंतवणूक नाही, हा विमा आहे.

हा विमा किती दिवसांचा? आमचा जनरेटर अर्ध्या भारावर तासाला अडीच गॅलनपर्यंत पितो. ८० गॅलन राखून ठेवले तर ३२० गॅलनमध्ये १२८ तास, म्हणजे पाच दिवसांहून थोडे अधिक. फक्त फ्रिज, पंखा आणि एक खोली चालवली तर आणखी बरेच.

टाकी विकत घ्यावी की भाड्याने? भाड्याची टाकी सुरुवातीला स्वस्त वाटते, पण ती फक्त मालक कंपनीच भरते, मग भाव ती सांगेल तो. मी अशा करारावर सही करणारच होतो, चौथ्या पानावर ही अट दिसली. शिवाय पुरलेली टाकी उकरून परत देण्याचा खर्च कोणाचा, तेही वाचा. स्वतःची टाकी असली की तीन ठिकाणी भाव विचारता येतो आणि मागणी कमी असते तेव्हा, उन्हाळ्यात भरून घेता येते. घराच्या विमा कंपनीला टाकीची कल्पना द्या, घर विकताना तिचा उल्लेख करा.

फ्रिजवर लावायची यादी

१. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण चालू किंवा बंद करू नका, फोनही घरात लावू नका. सर्वांना घेऊन बाहेर पडा.
२. सुरक्षितपणे जाता आले तर टाकीच्या घुमटाखालची चावी घड्याळाच्या दिशेने फिरवून बंद करा.
३. दूर जाऊन ९११ ला फोन करा.
४. टाकी पूर्ण रिकामी झाली असेल तर गळतीची तपासणी झाल्याशिवाय पुन्हा काही पेटवू नका.
५. जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये कधीही नाही. हलवता येणारा असेल तर खिडक्या-दारांपासून निदान २० फूट लांब.
६. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर, झोपायच्या खोल्यांजवळ. घरात सगळ्यांचे डोके एकदम दुखू लागले तर तो फ्लू समजू नका.

आता रांगेतल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. भीती वाटते का? टाकीची नाही, कारण तिचे नियम मला पाठ आहेत. भीती वाटते ती त्या दुपारी मी ग्रिल आणायला उठलो होतो त्याची. बाबा आता साताऱ्यात असतात. फोनवर विचारतात, "तुझी ती पुरलेली शेगडी ठीक आहे ना?" मी दर महिन्याच्या एक तारखेला घुमट उघडून काटा बघतो आणि त्यांना आकडा सांगतो.

आपणही आज निदान एवढे करा : घरातल्या अलार्मचे बटण दाबून तो वाजतो का ते पाहा. बाकी शंका असतील तर पुढच्या कार्यक्रमात भेटूच. मात्र जेवण झाल्यावर!