शोकाची पायवाट आणि वाटाड्या

(तृतीय वर्ष कला)

आपल्याकडे एखाद्या घरी मृत्यू झाला की पहिले दहा-बारा दिवस ते घर माणसांनी भरलेले असते. नातेवाईक दारावर येतात, शेजारी पिठले-भाकरी पाठवतात, दशक्रिया होते, गंधमुक्ती होते. मग मांडव निघतो, सतरंज्या परत जातात, पाहुणे आपापल्या गाडीने गावी जातात. घरातल्या माणसांना रिकामी खाट खऱ्या अर्थाने दिसू लागते ती त्यानंतर. आणि नेमके तेव्हापासून त्या घरी फारसे कोणी फिरकत नाही. या मधल्या काळात आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना काही करता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

गेल्या हिवाळ्यापासून आम्ही काही विद्यार्थी आणि गावातील दोन निवृत्त शिक्षक मिळून एक लहानसा उपक्रम करीत आहोत. ज्यांचे जवळचे माणूस गेले आहे अशा पाच-सहा जणांना सकाळच्या वेळी सोनगीरच्या किल्ल्यावर घेऊन जायचे, वर थोडा वेळ बसायचे आणि परत यायचे. एवढेच. धुळ्यापासून सुमारे वीस किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत असलेले आमचे सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. गावाला लागूनच किल्ल्याची टेकडी आहे. चढ लहान असल्याने वयस्क माणसेही बसत-उठत वर जाऊ शकतात. मी त्यात वाटाड्याचे काम करतो.

चालण्याची जुनी रीत

पाश्चात्त्य देशांत अशा पदभ्रमंती हॉस्पिस संस्थांमार्फत होतात. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले, तेव्हा रुग्णाइतकीच त्याच्या कुटुंबाचीही काळजी घेण्याचा विचार त्यामागे होता. परंतु शोक करीत एकत्र चालणे आपल्याला नवे नाही. ज्ञानेश्वरांनी आळंदीस शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली, समाधी घेतली. त्यानंतर सोपानदेवांनी सासवडला समाधी घेतली. पुढच्या वर्षी तापीतीरी मेहूण येथे विजेच्या कडकडाटात मुक्ताई अंतर्धान पावली आणि मग निवृत्तिनाथांनी त्र्यंबकेश्वरी देह ठेवला. अवघ्या आठ महिन्यांत चारही भावंडे गेली. परंपरा असे सांगते की या वाटेवर नामदेवादी संतमंडळी सोबत होती. आळंदीपासून आपल्या खानदेशापर्यंतचा तो प्रवास मला शोकाकुलांची पदयात्राच वाटतो. आजही मुक्ताईची पालखी खानदेशातून पंढरपूरला पायी जाते, तेव्हा दिंडीत नुकतेच कोणी गमावलेली माणसे असतातच. त्यांना कोणी प्रश्न विचारीत नाही. टाळ हातात देतात आणि चालू लागतात.

शास्त्र काय सांगते?

शोकाविषयी आपल्या पाठ्यपुस्तकांत एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांच्या पाच अवस्था हमखास येतात. परंतु १९६९ सालच्या त्यांच्या ग्रंथात त्या मांडल्या गेल्या त्या मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संभाषणांवरून, मागे राहिलेल्यांच्या अभ्यासावरून नव्हे. त्यामुळे ‘आता तुमची तिसरी अवस्था’ असे कोणाला सांगणे योग्य ठरत नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ साली मांडलेला विचार मला अधिक पटतो. शोकग्रस्त माणूस कधी गेलेल्या माणसाकडे वळतो, तर कधी समोरच्या कामाकडे; हे हेलकावे म्हणजे बिघाड नव्हे, तीच सावरण्याची रीत आहे. आमच्या चढणीवर हे प्रत्यक्ष दिसते. एक आजोबा आजीच्या आठवणीने थांबतात आणि दुसऱ्याच क्षणी ‘यंदा कापसाला भाव काय?’ असे विचारतात. पूर्वी मला याचे नवल वाटे. आता वाटत नाही.

तसेच, गेलेल्या माणसाला विसरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हा समजही अलीकडच्या संशोधनाने मागे टाकला आहे. नाते तुटत नाही, त्याचे रूप बदलते, असा विचार १९९६ पासून अभ्यासकांनी मांडला. आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरणाऱ्या आपल्या आया-बहिणींना हे कोणी शिकवावे लागले नाही.

माझी चूक

आता एक अनुभव सांगतो. त्यात माझी चूक आहे, म्हणूनच तो सांगणे आवश्यक वाटते.

दुसऱ्या फेरीला जवळच्या खेड्यातील एक मावशी आल्या होत्या. चढताना काय बोलावे हे न सुचल्यामुळे मी वाटभर किल्ल्याचा इतिहास सांगत होतो. वर पोहोचल्यावर मोठ्या उत्साहाने म्हणालो, “तो पाहा, मुंबई-आग्रा महामार्ग! इकडे धुळे, तिकडे नरडाणा.” मावशी एकदम पाठ वळवून तटाच्या दगडावर बसल्या. आठ महिन्यांपूर्वी त्यांचा मुलगा याच रस्त्यावर अपघातात गेला होता. आमच्यापैकी एकाला हे ठाऊक होते. मी विचारलेच नव्हते.

घाबरून मी दुसरी चूक केली. म्हणालो, “मावशी, रडू नका.”

त्या म्हणाल्या, “नही रडू ते काय करू भाऊ? घरमा रडस ते सून घाबरी जास.”

मग मी खाली बसलो आणि गप्प राहिलो. बराच वेळ गेला. खाली गावात भांडी ठोकण्याचा आवाज येत होता. मावशींनी पदराने डोळे पुसले आणि आपणहून विचारले, “नरडाणा कोनती बाजूले शे?” मी हात करून दाखवले. त्या उठून उभ्या राहिल्या आणि त्या दिशेला पाहत राहिल्या.

रस्ता तोच होता. मी तो त्यांच्यावर लादला तेव्हा त्यांनी पाठ फिरवली. त्यांनी स्वतः विचारला तेव्हा त्या पाहू शकल्या. वाटाड्याला वाट ठाऊक असून भागत नाही. कोणते वळण कधी घ्यायचे हे चालणाऱ्याने ठरवायचे असते, हे त्या दिवशी मला कळले.

वाटाड्याची कामे

या अनुभवानंतर आम्ही काही नियम ठरविले. निघण्यापूर्वी कोण गेले, कसे गेले, कोणती गोष्ट टाळावी, हे घरच्यांकडून समजून घ्यायचे. एक वाटाड्या पुढे, तर दुसरा सर्वांत मागे; आणि चालण्याचा वेग शेवटच्या माणसाचा. खानदेशातला उन्हाळा पाहता फेऱ्या हिवाळ्यातच, तीही ऊन चढण्यापूर्वी. पाणी प्रत्येकाजवळ. वर खोल विहीर आहे आणि तट ढासळलेले आहेत. तेथे आमच्यापैकी एकाने उभे राहायचेच. छायाचित्रे काढायची नाहीत. कोणी बोलले तर ऐकायचे, न बोलले तर सोबत चालायचे. समोरासमोर बसून जे बोलवत नाही ते शेजारी चालताना, पायवाटेकडे पाहत, बोलले जाते, असा माझा अनुभव आहे.

मात्र आपण वैद्य नाही, ही जाणीव ठेवली पाहिजे. वर्ष उलटूनही शोकाची तीव्रता तशीच राहून रोजचे जगणे अडत असेल, तर त्याला उपचारांची गरज असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात अशा दीर्घकालीन शोकाची स्वतंत्र नोंद आहे. ‘आता जगून काय करू’ असे कोणी म्हणाले, तर वाद घालू नये, उपदेश करू नये. त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना विश्वासात घ्यावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आम्ही प्रत्येकाला लिहून देतो. तेथे मराठीतूनही बोलता येते.

समारोप

मानसशास्त्राच्या तासाला आपण शोकाची व्याख्या लिहितो, तिला गुणही मिळतात. परंतु त्या व्याख्येतील माणूस आपल्याच गल्लीत राहतो. त्याच्याकडे जाण्यास पदवी लागत नाही आणि गडही लागत नाही; शेताचा बांध चालेल, नदीकाठ चालेल. गंधमुक्तीनंतर महिन्याभराने त्याच्या दारी जावे आणि ‘चला, जरा फिरून येऊ’ एवढेच म्हणावे.

आखाजीला त्या मावशींनी मुलाच्या नावाने घागर भरली आणि मला जेवायला बोलावले. पुरणपोळी वाढताना त्यांनी मुलाला काय काय आवडत असे ते सांगितले. मी ऐकत होतो. या वेळी मध्ये काही बोललो नाही.