पुण्याची भाऊबीज

२०२४ साली भाऊबीज रविवारी आली. पुण्यात मुलींचा एक अनाथाश्रम आहे. तिथल्या मुली सणाला कुठे जाणार? म्हणून गावाने वर्गणी जमवली. शनिवारी पाडवा उरकून साक्षरता वर्गातले आम्ही अकरा जण एस.टी.ने निघालो.

संध्याकाळी शनिवारवाडा पाहिला. दिल्ली दरवाजाला मोठे टोकदार खिळे आहेत. हत्तीने धडक देऊ नये म्हणून! आतले महाल १८२८ सालच्या आगीत जळाले. जोती तेवढी उरली.

सकाळी हिंगण्याला गेलो. धोंडो केशव कर्वे यांनी १९०० साली इथे झोपडी बांधून विधवांचा आश्रम आणला. पुण्यात कॉलेजात शिकवून ते चिखल तुडवीत इथे पायी येत. ती झोपडी अजून जपली आहे. वाड्यापेक्षा आम्हांला हीच मोठी वाटली.

मग अनाथाश्रमात गेलो. पाट मांडले होते. प्रत्येक पाटावर चिठ्ठी, चिठ्ठीत बहिणीचे नाव. ते वाचून हाक मारायची. सर्वांचे झाले, आबा अडले. जोडाक्षर अवघड. एकच पोर निरांजन धरून उभी राहिली होती. आम्ही सांगणार, तोच आबा म्हणाले, "गुरुजी, थांबा हो!" आणि अक्षरांवर बोट ठेवून वाचू लागले, "ज्यो... त्स... ज्योत्स्ना!"

"आले, दादा," पोर म्हणाली.