ईम : सीमेच्या आत थांबलेले गाव

इंग्लंडच्या ग्रामीण भागात एका चर्चच्या अधिकारक्षेत्राला ‘पॅरिश’ म्हणतात. बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवणे इ.स. १५३८ पासून पॅरिशवर बंधनकारक झाले. पुढे गोरगरिबांच्या साहाय्याचा भारही तिच्यावर आला. अशा एका पॅरिशचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

डर्बीशायरच्या डोंगराळ मुलुखातील ईम हे शिशाच्या खाणींचे गाव. चर्चच्या आवारातील आठव्या शतकातील दगडी क्रूस त्याच्या प्राचीनत्वाची साक्ष देतो. सप्टेंबर १६६५ मध्ये येथे प्लेगचा पहिला बळी गेला. लंडनहून आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यातून रोग आला, अशी परंपरागत समजूत आहे.

त्या वेळी विल्यम माँपेसन हे येथील धर्मगुरू होते. त्यांचे पूर्वसुरी थॉमस स्टॅन्ली यांनी १६६२ च्या धर्मविषयक कायद्यास मान्यता न दिल्याने पद गमावले होते; तरी लोकांचा विश्वास त्यांच्यावरच अधिक होता. दोघांची मते भिन्न होती. परंतु जून १६६६ मध्ये त्यांनी मतभेद बाजूस ठेवून गावाची मने एकत्र वळविली. गावाने तीन गोष्टी ठरविल्या : मृतांस कुटुंबीयांनीच जवळपास पुरावे, प्रार्थना चर्चऐवजी उघड्या दरीत व्हावी, आणि कोणी सीमा ओलांडू नये. शेजारच्या गावांचे लोक सीमेवर अन्न ठेवीत. तेथील दगडाच्या खळग्यांत व्हिनेगारमध्ये नाणी ठेवून ईमकर मोबदला देत.

याची किंमत मोठी होती. एलिझाबेथ हॅनकॉक या स्त्रीने ऑगस्टमध्ये आठ दिवसांत पती व सहा अपत्ये स्वहस्ते पुरली. माँपेसन यांच्या पत्नी कॅथरिनही त्याच महिन्यात गेल्या. चौदा महिन्यांत सुमारे २६० माणसे मृत्यू पावली.

या त्यागाचे केवळ गुणगान करणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. माँपेसन यांनी आपली मुले आधीच बाहेर पाठविली होती. ज्यांच्याजवळ साधन होते, त्यांतील काही जणही आधी निघून गेले होते. मागे राहिले ते बहुतांशी सामान्य लोक. त्यांच्या संयमाला शेजारच्या गावांनी अन्नाची साथ दिली, हेही विसरता येत नाही. संयमाचा भार सर्वांनी सारखा वाहिला काय, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारावा.

आजही ऑगस्टच्या अखेरच्या रविवारी त्या दरीत स्मरणप्रार्थना होते. नोंदवहीतील ती नावे राजांची वा सरदारांची नाहीत. इतिहास त्यांनीही घडविला.