दुष्काळांतील गुरें आणि सरकारी मदत

दुष्काळ पडला म्हणजे वैरण महागते आणि त्याच वेळीं गुरें मातीमोल होतात. अशा प्रसंगीं सरकारनें मदत किती दिली, याइतकाच ती अखेर कोणाच्या हातीं पडली, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. या दृष्टीनें अमेरिकेंत १९३४ सालीं झालेली गुरांची सरकारी खरेदी अभ्यासण्याजोगी असल्यामुळें तिची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्या सालीं डाकोटापासून टेक्सासपर्यंतच्या माळरानांत अवर्षणानें चारापाणी नाहींसें झालें. मंदीमुळें गुरांचे भाव आधींच उतरलेले, आणि पुष्कळ पशुपालकांचे कळप पेढ्यांकडे गहाण पडलेले. जून महिन्यापासून सरकारनें संकटग्रस्त म्हणून जाहीर केलेल्या भागांत गुरें विकत घेण्यास आरंभ केला. १९३५ च्या प्रारंभीं खरेदी थांबली, तोंपर्यंत सुमारें ८३ लक्ष गुरें घेतलीं गेलीं व ११ कोटींहून अधिक डॉलर खर्च झाले. खाण्यास योग्य ठरलेल्या गुरांचें मांस गरजूंना वांटण्यांत आलें. अगदीं खंगलेलीं गुरें जागींच मारून पुरलीं. आपल्याकडील पुष्कळांस ही रीत रुचणार नाहीं. परंतु पैसे देण्याची तेथील पद्धत समजून घेण्यासारखी आहे.

दर गुरामागें दोन रकमा ठरविल्या होत्या. एक खरेदीची किंमत. तिजवर गहाणदाराचा हक्क चाले. दुसरी मदतीची रक्कम. ती केवळ मालकाची, तिला धनकोचा हात लागत नसे. दर असे होते :

१. दोन वर्षें व त्यावरील गुरें : किंमत ६ ते १४ डॉलर, मदत ६ डॉलर.
२. एक ते दोन वर्षांचीं : किंमत ५ ते १० डॉलर, मदत ५ डॉलर.
३. एक वर्षाखालील वासरें : किंमत १ ते ५ डॉलर, मदत ३ डॉलर.

किंमत गुराच्या स्थितीप्रमाणें कमीजास्त होई. मदत मात्र वयाप्रमाणें कायम असे. एकूण २० डॉलर मिळालेल्या धष्टपुष्ट गाईचे ६ डॉलर, म्हणजे शेंकडा ३०, मालकास निर्वेधपणें मिळत. १२ डॉलरांच्या हाडकुळ्या गाईचे निम्मे, आणि ४ डॉलरांच्या वासराचे चारांपैकीं तीन. सारांश, जनावर जितकें खंगलेलें, तितका मालकाचा सुरक्षित वांटा मोठा. गहाणदाराचेंही यांत नुकसान नव्हतें. कारण माळावर मेलेल्या गुराचें तारण शून्यच.

या रकमेंतून नवा कळप उभा राहण्यासारखा नव्हता, हें उघड आहे. तथापि घरखर्चास व उरलेल्या गुरांच्या वैरणीस कांहीं रोकड हातीं राही.

आपल्याकडे १८८४ च्या कायद्यानें बीं व गुरें घेण्यास तगाई मिळे. महसुली कामाशीं आमचा संबंध आल्यामुळें तिचें महत्त्व आम्ही जाणतों. परंतु ती कर्जाऊ होती, आणि थकल्यास जमीनमहसुलाच्या बाकीप्रमाणें वसूल होई. दुष्काळ सरे, देणें उरे.

म्हणून आपल्या संस्थेनें मदतीचा अर्ज करतांना तीन गोष्टी स्पष्ट मागाव्या : मदत गुरें मरण्यापूर्वीं मिळावी, ती अनुदान कीं कर्ज, हें आधींच लेखी कळावें, आणि तिचा ठराविक भाग जुन्या कर्जांत वळता होऊं नये. आपल्या बाजूनें प्रत्येक सभासदानें गुरांची संख्या, वय व त्यांवरील बोजा यांची नोंद आजच करून ठेवावी. संकटांत पुरावा शोधणें फार कठीण जातें.