शनिवारी येणारा ताप

शनिवार आला की माझ्या मुलाला ताप यायचा. ताप नसेल तेव्हा सासरी कुणाचं तरी लग्न, तेही नसेल तर शाळेची चाचणी. शहाद्याहून त्यांचं गाव अर्ध्या तासाचं, तरी कोर्टाने ठरवून दिलेली भेट महिनोन्महिने झाली नाही. फोन केला तर आधी त्याची आत्या बोलायची, आणि मग "तो झोपलाय". नातेवाईक मलाच समजवायचे, "मोठा झाला की येईल आपोआप." असं सांगणाऱ्यांपैकी एकाचंही मूल कुणी अडवून ठेवलेलं नव्हतं.

शेवटी वकिलांनी अर्ज केल्यावर त्याला कोर्टात आणलं. व्हरांड्यात तो माझ्यापासून लांबच उभा राहिला आणि एका दमात म्हणाला, "तू बाबांवर चारशे अठ्ठ्याण्णव टाकली, आजीला पोलीस ठाण्यात बसवलं." वय आठ. खाऊ पुढे केला तर हात मागे घेतला. त्यात काहीतरी घातलेलं असेल, असं घरून सांगून पाठवलं होतं. दर वाक्यानंतर तो आत्याकडे बघायचा आणि ती मान हलवायची. पोर रुसलेलं नव्हतं. त्याच्याकडून पाठ करून घेतलं होतं, आणि ते करणारी माणसं माझ्यासमोर निर्धास्त उभी होती.

पुढे हीच वाक्यं "मुलाची इच्छा" म्हणून मांडली गेली. पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम १७ नुसार समजत्या वयाच्या मुलाची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकतं. तीच निर्णायक असं कायदा म्हणत नाही. विवेक सिंह विरुद्ध रोमानी सिंह या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका पालकाने दुसऱ्याविरुद्ध मुलाचं मन फिरवण्याबद्दल सविस्तर लिहिलं आहे. तिथे मुलगी वडिलांकडे वाढलेली होती. न्यायालयाने ती आईकडे सोपवली. तुमचंही मूल असंच अडवलेलं असेल तर वकिलांना या निकालाचं नाव सांगा. न्यायाधीशांनी मुलाशी एकट्याने, दालनात बोलावं, अशी लेखी मागणी करा. आत्या बाहेर बसली की मूल वेगळं बोलतं.

घटस्फोटाचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली भेटीचा अंतरिम अर्ज लगेच द्या, निकालाची वाट बघू नका. "सोयीनुसार भेटावे" असा आदेश घेऊन घरी येऊ नका, कारण ती सोय कायम त्यांचीच असते. वार, वेळ, जागा, मुलाला कोण आणणार, चुकलेली भेट कधी भरून देणार, हे सगळं आदेशात हवं. व्हिडिओ कॉलही मागा; यशिता साहू खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भेटीबरोबर अशा संपर्काचाही हक्क सांगितला आहे. मुलाला आणलं नाही तर त्याच दिवशी कोर्टात हजर राहून तसा अर्ज द्या. घरी जाऊन रडायला रात्र आहे.

पैशांअभावी थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने बाईला मोफत वकील मिळतो, मिळकत कितीही असो. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा. मुलासमोर त्याच्या वडिलांना नावं ठेवू नका, धीर सोडू नका, हेही ओघाने आलंच.

आणि शाळेचं विसरू नका. "वडिलांनी सांगितलंय" एवढ्यावर शाळेने मला निकालपत्र दाखवलं नाही. निकालपत्राची प्रत, पालकसभेची सूचना आणि स्नेहसंमेलनाला बसायची परवानगी, तिन्ही आदेशात लिहून घ्या.