हिरे कोणाच्या जमिनीतले?

चि. निखिल,


तुझ्या लेखमालेचा आराखडा वाचला. नवस्वतंत्र देशांचे शिल्पकार हा विषय चांगलाच आहे, पण पहिल्याच परिच्छेदात तू निकाल देऊन मोकळा झाला आहेस: गरीब, नव्या देशाला आधी पोलादी हात लागतो, नियम-कायदे मागाहून येतात. पुराव्याला सिंगापूरचे ली क्वान यू. त्यांच्याबद्दल मला आत्ता वाद घालायचा नाही. एवढंच म्हणते, की हे छापायला देण्याआधी बोत्स्वानाच्या सेरेत्से खामांचा अभ्यास कर. संस्थापक नेत्याने काय काय उभारलं याची यादी कोणीही करतो. त्याने कोणता हक्क स्वतःच्या आणि स्वतःच्या माणसांच्या हातून काढून घेतला, हे विचारणारे थोडे. माझ्या मते नेत्याची खरी पारख या दुसऱ्या प्रश्नाने होते, कारण उभारलेलं पुढचा माणूस मोडू शकतो. सोडलेला हक्क परत मागणं मात्र वारसांनाही अवघड जातं.

खामांवर वाचायला लागलास की पहिल्यांदा प्रेमकथाच हाती येईल. तिच्यावर सिनेमाही निघाला आहे. बामांग्वातो जमातीच्या गादीचा हा वारस लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करत असताना १९४८ साली रूथ विल्यम्स या गोऱ्या मुलीशी लग्न करतो. चुलते त्शेकेदी खामा बिथरतात, शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत नुकतंच वर्णभेदी सरकार आलेलं असतं, आणि तिथल्या सोन्या-युरेनियमवर नजर असलेलं ब्रिटिश सरकार १९५० मध्ये या तरुणाला त्याच्याच मुलखात यायची बंदी करतं. यात तू रमू नकोस. तुझ्या कामाच्या गोष्टी दोन आहेत. एक, १९४९ मध्ये सेरोवेच्या खोत्लात, म्हणजे आपल्या चावडीसारख्या जाहीर बैठकीत, जमातीने वाद घालून अखेर त्याला पाठिंबा दिला होता; म्हणजे लोकमान्यता त्याच्यापाशी होती. दोन, १९५६ मध्ये तो परतला तो गादीवरचा हक्क लेखी सोडून, साधा नागरिक म्हणून. ही माघार नाइलाजाची होती, हे कबूल. पण नाइलाजाने सोडलेली गोष्ट सत्ता हाती आल्यावर परत मिळवता येत असताना माणूस काय करतो, ते महत्त्वाचं.

३० सप्टेंबर १९६६ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याची अवस्था कशी होती, ते आधी मनात नीट बसव. लोकसंख्या पाच-सहा लाख. फ्रान्सएवढ्या पसरलेल्या मुलखात डांबरी रस्ता जेमतेम बारा किलोमीटर. राज्यकारभार अगदी काल-परवापर्यंत मॅफेकिंगहून चालायचा, आणि ते गाव दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत! गॅबरोन ही राजधानी ऐनवेळी माळावर उभी केलेली. पाठोपाठच्या दुष्काळांनी गुरं मेलेली, सरकारचा रोजचा खर्चसुद्धा ब्रिटनच्या अनुदानावर चाललेला. आणि पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, ओरापाला हिरे सापडले. ओरापा हा मुलूख बामांग्वातोंचा, म्हणजे खामांच्या स्वतःच्या जमातीचा. जुन्या वहिवाटीने जमिनीखालच्या धनावर हक्क त्या त्या जमातीचा. त्याच वर्षी खामा सरकारने खनिज कायदा करून हा हक्क जमातींकडून राष्ट्राकडे घेतला. सर्वांत जास्त गमावणारे होते बामांग्वातो. तुझ्या पोलादी हाताच्या सिद्धांतात या घटनेला जागा कुठे आहे, ते मला कळव. इथे बळजोरी झाली असेल तर ती पहिल्यांदा घरच्यांवर झाली, आणि म्हणूनच बाकीच्या जमातींना ती सोसली. दुसऱ्या कुणाच्या जमिनीत हिरे निघाल्यावर हाच कायदा आणला असता, तर त्याला लूट म्हटलं गेलं असतं.

यावर तू म्हणशील, हिरे निघाले हे नशीब, त्यात नेत्याचं कर्तृत्व ते काय. आक्षेप वजनदार आहे, पण टिकत नाही. हिरे सिएरा लिओनमध्येही होते, अंगोलात होते, काँगोत तर ढिगाने होते. सिएरा लिओनमध्ये सियाका स्टीव्हन्सच्या काळात हिऱ्यांचा पैसा राज्याच्या तिजोरीऐवजी सत्ताधाऱ्यांच्या मर्जीतल्या माणसांच्या खिशात गेला, आणि पुढे त्याच हिऱ्यांवर यादवी पोसली गेली. (ओरापाचे हिरे खोल पाइपातले, यंत्रांनीच काढायचे, नदीच्या वाळूत घमेलं घेऊन कोणी ते वेचू शकत नाही, हा फरक खरा आहे, तो लपवू नकोस. पण काँगोतही असे पाइप आहेत.) बोत्स्वानाने डी बीअर्ससारख्या बलाढ्य कंपनीशी भागीदारीची सुरुवात पंधरा टक्क्यांवर केली आणि खाणीचा आवाका कळल्यावर १९७५ पर्यंत पुन्हा बोलणी करून निम्मा वाटा मिळवला. ना राष्ट्रीयीकरणाची गर्जना, ना शरणागती. अशी बोलणी करायला परदेशी तज्ज्ञ नेमावे लागतात, आपल्या माणसांच्या जागा त्यांना द्याव्या लागतात, आणि त्याबद्दल शिव्या खाव्या लागतात. खामांनी त्या खाल्ल्या. स्वतःची माणसं तयार होईपर्यंत खुर्च्यांचं घाईने स्वदेशीकरण करायला त्यांनी साफ नकार दिला.

दुसरा आक्षेप जास्त अवघड: हा नेता उदार होता, की त्याला विरोधकच नव्हता? त्याच्या पक्षाने १९६५ मध्ये ३१ पैकी २८ जागा जिंकल्या. इतकी बेरीज पाठीशी असली की कोणीही सज्जन दिसतो. म्हणून १९६९ ची निवडणूक पाहा. खामांच्या कायद्यांनी जमातप्रमुखांचे जमिनीचे आणि गुराढोरांबाबतचे अधिकार एकेक करून काढले होते. चिडून बांग्वाकेत्सेंचे प्रमुख दुसरे बाथोएन यांनी गादी सोडली, विरोधी पक्षातर्फे उभे राहिले आणि चक्क उपराष्ट्राध्यक्ष क्वेट मासिरे यांना पाडलं. त्या काळात आजूबाजूच्या कितीतरी देशांत यावर उत्तर ठरलेलं होतं: विरोधक तुरुंगात आणि पुढच्या निवडणुकीपासून देश एकपक्षीय. इथे निकाल मान्य झाला, बाथोएन संसदेत बसले. आता दुसरी बाजूही लिही. मासिरेंना नियुक्त सभासद म्हणून मागच्या दाराने आत घेतलं गेलं, आणि १९७२ च्या घटनादुरुस्तीने राष्ट्राध्यक्षाला मतदारसंघातून निवडून येण्याची गरजच उरली नाही. हा डाग आहे. नियमाचा आदर करणारा माणूसही नियम आपल्या सोयीकडे वाकवतो, हे तुझ्या वाचकाला दिसू दे. त्याने माझा मुद्दा कमजोर होत नाही. वाकवलेल्या त्या नियमाखालीही दर पाच वर्षांनी मतपेटी उघडतच राहिली. पहिली अकरा वर्षं या देशाला सैन्यसुद्धा नव्हतं. ऱ्होडेशियाच्या फौजा हद्द ओलांडू लागल्या तेव्हा १९७७ मध्ये ते उभारलं. सैन्य नसलेल्या राज्यकर्त्याला पोलादी हात कुठून आणायचा?

घराणेशाहीबद्दल तू विचारणारच. १३ जुलै १९८० ला खामा कर्करोगाने गेले. त्याआधीच थोरला मुलगा इयन जमातीच्या त्याच गादीवर बसला होता, जी बापाने सोडली होती. पुढे तो सेनापती झाला आणि २००८ ते २०१८ राष्ट्राध्यक्ष. दिसायला हे वाईटच, आणि इयनच्या कारभारावर तिथे झालेली टीका वाचशील तर आणखी वाईट दिसेल. पण मधल्या अठ्ठावीस वर्षांत आधी मासिरे आणि मग फेस्टस मोगाए असे घराबाहेरचे दोन अध्यक्ष झाले, आणि घटनेने नंतर घातलेल्या दहा वर्षांच्या मर्यादेपाशी खामांच्या मुलालाही थांबावं लागलं. उत्तराधिकारी मासिसींशी बिनसल्यावर त्याने बापाचा पक्ष सोडला आणि त्या पक्षाच्याच विरोधात प्रचार केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये अठ्ठावन्न वर्षं अखंड राज्य केलेला तो पक्ष चार जागांवर आला, आणि अंतिम आकडे जाहीर होण्याआधीच राष्ट्राध्यक्ष मासिसींनी हार मान्य केली. या हस्तांतराचं सगळं श्रेय खामांना देऊ नकोस. हिऱ्यांचा बाजार पडला होता आणि लोक बेकारीला कंटाळले होते. पण हरल्यावर घरी जायचं असतं ही समजूत एका दिवसात तयार होत नाही, आणि तिची सुरुवात मला १९६९ मध्येच दिसते.

ज्या आक्षेपाला माझ्याकडे पुरं उत्तर नाही, तो सान लोकांचा. घटनेने प्रमुखांच्या सभागृहात हक्काच्या जागा दिल्या त्या आठ त्स्वाना जमातींना. कालाहारीत शिकारीवर आणि कंदमुळांवर जगणाऱ्या सान लोकांना त्यात जागा नव्हती. १९७५ च्या चराऊ जमिनीच्या धोरणाने मोठ्या गुरेवाल्यांना कुरणं आखून दिली, ती जमीन रिकामी आहे असं समजून. आणि तिथे सान राहत होते. हे खामांच्या हयातीतलं. पुढे मध्य कालाहारी अभयारण्यातून त्यांना हलवलं गेलं, आणि २००६ मध्ये तिथल्याच उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. बामांग्वातोंचा हक्क राष्ट्राने घेतला तेव्हा बामांग्वातोंचा माणूसच राष्ट्राध्यक्ष होता, त्यांची सभा होती, त्यांच्याशी बोलून ते घेता आलं. सान लोकांच्या वतीने हक्क सोडणारा कोणी खुर्चीत नव्हता, म्हणून तिथे सोडणं झालंच नाही. तिथे फक्त घेणं झालं. तेव्हा लेख लिहिताना १९६७ चा तो कायदा आणि २००६ चा हा निकाल शेजारी शेजारी ठेवून वाच, आणि आराखड्यातला पहिला परिच्छेद त्यानंतर पुन्हा लिही. कच्चा खर्डा झाला की पाठव.

तुझी,
मावशी